खर्जातली खरखर

"आला. आत्ता आला. ऐकलास?"

गाडीच्या काचा वर, दारं बंद, इंजिन बंद. स्टिअरिंगसमोर ताठ बसलेल्या ऑडिटरकाकांनी डोळे मिटून एक बोट वर धरलं होतं. शेजारच्या सीटवर फिटरने मान तिरकी केली, कान टवकारले, श्वाससुद्धा रोखून धरला. नव्या स्पीकरमधून गायकाचा भारदस्त आवाज येत होता आणि त्या आवाजाखेरीज फिटरला काहीएक ऐकू येत नव्हतं.

"आला ना?" काकांनी डोळे उघडले.

"आला," फिटर म्हणाला.

त्या दिवशीच्या सगळ्या भानगडीचं मूळ या एका शब्दात होतं. पण तो शब्द त्याच्या तोंडून का गेला, हे समजून घेतलं तर त्याला फार दोष देता येत नाही. गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं त्याचं दुकान नवंकोरं होतं, आणि ऑडिटरकाकांच्या मुलीशी त्याचं जमलं होतं ते दुकानाच्याही आधीपासून. मुलीने घरी सांगितलं, तेव्हा काकांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. काका नोकरीतून निवृत्त झाले होते; ऑडिटमधून नव्हते. घरात बिस्किटाचा पुडा फुटला तरी तो कुणी फोडला, जुना संपायच्या आत का फोडला, याचा खुलासा मागवणाऱ्या या माणसाने मुलगी अशी सहजासहजी हातावेगळी करणं शक्य नव्हतं.

"माणूस कामावरून कळतो," ते म्हणाले होते. "माझ्या गाडीत स्पीकर बसवू दे त्याला. काम निर्दोष निघालं तर पुढचं बोलू. दोष निघाला तर..."

पुढचं वाक्य त्यांनी मोकळं सोडलं. ऑडिटरने मोकळी सोडलेली जागा भरलेल्या जागेपेक्षा जास्त घाबरवते.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला "काका, मला काही ऐकू येत नाही" असं कसं म्हणायचं? स्पीकर बसवणाऱ्याला खरखर ऐकू येत नाही म्हणजे शिंप्याला उसवलेली शिवण दिसत नाही. तशा शिंप्याला कापड कोण देईल? आणि मुलगी?

"कुठून येतोय, काय वाटतं तुला?" काकांनी विचारलं.

"दारातून," फिटर अंदाजाने म्हणाला. दारात स्पीकर बसवला की पहिला संशय दाराच्या पॅडवर घ्यायचा, एवढं त्याच्या धंद्यात कुणीही सांगेल.

"हं. मला समोरून वाटतो. पण तू जाणकार. बघ."

फिटरने दाराचं पॅड उतरवलं. आतल्या वायरींना फेल्टची पट्टी गुंडाळली, क्लिपा नव्या लावल्या, स्क्रू आवळले आणि पॅड परत चढवलं. काका तोवर बाहेर स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे असे बघत होते, की फिटरला स्वतःचे हात परक्याचे वाटायला लागले. मग दोघं आत बसले, काचा वर केल्या आणि पुन्हा तेच गाणं लावलं.

त्या गाण्यात एक जागा होती. गायक पायरी पायरीने उतरत शेवटी इतक्या खोल खर्जात जायचा, की तळघरात कुणीतरी जड कपाट सरकवतंय असं वाटावं. काकांच्या जुन्या स्पीकरना तो सूर झेपायचाच नाही. तिथे ते नुसते गप्प बसायचे. नवे स्पीकर मात्र तो सूर असा काढायचे की सीट पाठीला गुदगुल्या करायची. आणि नेमकी तिथेच काकांना ती खरखर ऐकू येत होती.

कपाट सरकलं. काकांचं बोट वर गेलं.

"आक्षेप कायम," काका म्हणाले.

एव्हाना शेजारच्या गाळ्यातला डेंटर हातोडी खाली ठेवून बघायला आला होता. दिवसभर पत्रा ठोकून ठोकून या माणसाचे कान इतके निबर झाले होते, की फोन वाजला तरी त्याला तो खिशातल्या थरथरीवरून कळायचा. बायकोशी त्याचं कधी भांडण होत नसे, त्याचंही हेच कारण असावं.

"काय झालं, शेजारी?"

"खरखर येतेय," काकांनीच उत्तर दिलं. "बसा आत. तुम्हीही सांगा."

डेंटर मागच्या सीटवर बसला. गाणं लागलं, कपाट सरकलं, काकांनी मागे वळून बघितलं.

"येतेय की!" डेंटर ओरडून म्हणाला, कारण तो नेहमी ओरडूनच बोलायचा. "चांगली स्पष्ट येतेय! डॅशबोर्डच्या आतून!"

डेंटरचा हिशेब सरळ होता. आवाज नाही म्हटलं तर काम नाही. आवाज आहे म्हटलं तर कुठेतरी काहीतरी उघडावं लागणार, आणि उघडलेल्या गाडीत पोचा आलेला एखादा पत्रा सापडल्याशिवाय राहत नाही.

काकांनी फिटरकडे बघितलं. "मी म्हटलं होतं ना, समोरून येतो?"

"बरोबर आहे काका. मलाही आता समोरूनच वाटतोय."

डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे काय, हे ज्याने उघडलाय त्यालाच ठाऊक. बाहेरून दिसतो तेवढाच तो आत असता तर गोष्ट वेगळी. रेडिओ निघाला, हवेच्या जाळ्या निघाल्या, सामानाचा कप्पा निघाला. त्या कप्प्यातून गोळ्यांची रिकामी पाकिटं, एक वाळलेलं पेन आणि काकूंनी हरवल्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतलेला कंगवा निघाला. काकांनी तो गुपचूप खिशात घातला. मग डेंटरने फोमचे तुकडे कोंबले, फिटरने प्रत्येक सांध्याला टेप लावली, रेडिओ तेवढा परत जोडला आणि तिघं आत बसले.

"आक्षेप कायम," काका म्हणाले. "उलट जरा वाढलाय."

"वाढलाय!" डेंटर म्हणाला.

"किंचित," फिटर म्हणाला आणि त्याने रुमालाने मान पुसली.

इतक्यात फिटरची आई डबा घेऊन आली. आज व्याही होऊ घातलेले गृहस्थ दुकानात येणार म्हणून ती घरूनच सोज्वळ चेहरा करून निघाली होती. दुकानाच्या दारात गाडीची निम्मी आतडी बाहेर पडलेली बघून तो चेहरा जरा डगमगला, पण तिने सावरून घेतला.

"वहिनी, बरं झालं आलात," काका म्हणाले. "बाईमाणसाचे कान तिखट असतात. बसा, हा आवाज ऐका."

"कसला आवाज?" तिने विचारलं. मग तिला मुलाचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत एक अख्खं लग्न गटांगळ्या खात होतं. "अगं बाई, हा होय! हा तर मी आल्यापासून येतोय. मागच्या सीटखालून."

गाणं अजून लावायचं होतं.

पण या बारीकशा तपशिलाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. मागची सीट निघाली. तिच्याखालचा गालिचा निघाला. मग डेंटर म्हणाला की सीट काढलीच आहे तर डिकी का सोडायची, म्हणून डिकीतला जॅक, पाना आणि जादा चाकही निघालं. रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला, त्याने थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं, "छताकडून येतोय" असं सांगितलं आणि निघून गेला. तो कोण होता हे आजतागायत कुणाला माहीत नाही. पण त्याच्या शब्दावर छताचं अस्तर उतरवण्यात आलं.

गाडीत आता पुढच्या दोन सीटा, स्टिअरिंग, रेडिओ आणि स्पीकर एवढंच उरलं होतं. बाकीची गाडी फुटपाथवर वाळत घातल्यासारखी पसरली होती.

आणि तेव्हा स्टेनो आली.

स्टेनो म्हणजे काकांची मुलगी. ती कोर्टात होती. तिथले न्यायाधीश निकाल सांगताना अर्धं वाक्य मिशीत ठेवायचे. ते मिशीतून काढून कागदावर आणायचं काम ती करायची, आणि आजवर एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता. काम कुठवर आलं ते बघू, म्हणून ती आली होती. तिने फुटपाथवरची गाडी बघितली, गाडीतले बाबा बघितले आणि फिटरकडे बघून भुवया उंचावल्या.

"ये, तूही ऐक," काका म्हणाले. "सगळ्यांची साक्ष झाली आहे. तुझी राहिली."

ती शेजारच्या सीटवर बसली. गाणं लागलं, कपाट सरकलं.

"आला?"

"काय?"

"खरखर."

"नाही."

"नीट ऐक."

"नीटच ऐकलं, बाबा. त्या ओळीच्या आधी गायकाने श्वास घेतला, तो ऐकू आला. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, तीही आली. खरखर नाही आली."

डेंटरने जिभेने च्‌ केलं. आईने दुसरीकडे बघितलं. काकांनी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं, आवाज वाढवला, मुलीचं तोंड धरून स्पीकरच्या दिशेला वळवलं.

"आता?"

"नाही."

"या सगळ्यांना येतेय!"

"येत असेल. मला नाही येत."

काकांच्या कपाळावर एक नवी आठी पडली. ही आठी गाडीसाठी नव्हती, हे पुढे कळलं.

स्टेनोने फिटरला बाहेर टेकवून ठेवलेल्या सीटमागे गाठलं.

"तुला येते खरखर?"

"हळू बोल ना."

"येते की नाही?"

"नाही."

"मग हो का म्हणालास?"

"तुझे बाबा आहेत ते."

"ते माझे बाबा आहेत हे मला माहितीये. खरखर कुठाय?"

"सापडेल," फिटर म्हणाला.

"जी नाहीच ती सापडेल कशी? जा आणि सांग त्यांना, नाही येत म्हणून."

"आता? डॅशबोर्ड काढल्यावर? आता सांगितलं तर सकाळपासून खोटं बोलत होतो असं होईल. आणि आईचं काय? डेंटरचं काय? सगळेच खोटे पडतील. तुझे बाबा खोट्या माणसाच्या घरात मुलगी देतील?"

"आणि नसलेली खरखर ऐकणाऱ्याच्या घरात देतील?"

फिटर गाडीकडे वळला. काका आत एकटेच बसले होते. ऊन चढलं होतं, काचा वर होत्या, त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. फिटर शेजारी बसला. काकांनी गाणं लावलं आणि चष्मा काढून रुमालाने तोंड पुसायला घेतलं. गायक पायऱ्या उतरला. कपाट सरकलं. बोट वर गेलं नाही.

"थांब," काका म्हणाले. "या खेपेला नाही आला."

त्यांनी चष्मा चढवला, गाणं मागे नेलं. गायक उतरला. बोट वर गेलं.

"आला!"

फिटरने त्यांच्याकडे बघितलं. मग चष्म्याकडे बघितलं. जुनी धातूची फ्रेम होती. उजवी दांडी जिथे काचेला जोडली जाते तिथला बारीकसा स्क्रू आपल्या जागेवरून अर्धा वर आला होता आणि खर्जाची थरथर अंगातून गेली की दांडीबरोबर नाचत होता. काकांच्या अगदी कानाला लागून. जगात ती खरखर ऐकू येईल असा एकच कान होता आणि तो काकांचा होता.

सापडलं तर होतं. पण सांगणार कसं? काका, दोष तुमच्या नाकावर आहे? आयुष्यभर दुसऱ्यांच्या दप्तरांत चुका शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीची कातडी सोलून घेतली ती एका स्क्रूपायी, आणि तो स्क्रू स्वतःच घालून बसला होता? वर डेंटर आणि आई, ज्यांनी हीच खरखर डॅशबोर्डातून आणि सीटखालून स्पष्ट ऐकली होती?

"काका," तो म्हणाला, "धूळ फार बसलीये चष्म्यावर. द्या, पुसून आणतो."

दुकानाच्या आत पाठमोरा होऊन त्याने सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो स्क्रू आवळला, काचा खरोखर पुसल्या आणि चष्मा परत नेऊन दिला. मग, काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं म्हणून, गाडीत गुडघ्यावर बसून त्याने हाताला लागलेला पहिला नट पान्याने गंभीरपणे फिरवला. तो आधीच इतका घट्ट होता की फिरलाच नाही. पण फिटरने तोंड वाकडं करून जोर लावल्यासारखं केलं.

"लावा आता," तो म्हणाला.

गायक उतरला. कपाट सरकलं. काकांनी बोट तयार ठेवलं होतं; ते हवेत घुटमळलं आणि खाली आलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा नाही. आवाज वाढवला. नाही.

"आक्षेप," काका सावकाश म्हणाले, "निकाली."

"गेला!" डेंटर बाहेरून ओरडला. काचा वर असल्यामुळे बाहेर गाणंही धड येत नव्हतं. "एकदम साफ!"

"माझं तर डोकंच दुखायला लागलं होतं त्या आवाजाने," आई म्हणाली. "आता उतरलं बघा."

"पण होता कुठे नेमका?" डेंटरने विचारलं. "डॅशबोर्डातच ना?"

"सीटखाली," आई म्हणाली.

फिटरने दोघांकडे बघितलं. डेंटर रोजचा शेजारी होता आणि आई जन्माची. "सगळीकडूनच थोडा थोडा येत होता," तो म्हणाला. दोघांचंही समाधान झालं.

"मला आधीही येत नव्हता आणि आताही येत नाही," स्टेनो म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असलीच तर माया होती, आणि तीच जास्त भीतिदायक होती. त्यांनी फिटरला खुणेने गाडीत बोलावलं, काचा वर आहेत ना ते बघितलं आणि घसा साफ केला.

"काम उत्तम आहे. माझी हरकत नाही."

"काका..." फिटर वाकायला लागला.

"थांब. मी आयुष्यात कधी कुणापासून काही लपवलं नाही. लग्न ठरायच्या आधी तुला एक गोष्ट कळायलाच हवी." त्यांनी चष्मा सावरला. "आमच्या मुलीला ऐकू कमी येतं."

वाकलेला फिटर सरळ झाला.

"मलाही आजच कळलं. तू बघितलंस ना? तुला आला, मला आला, वहिनींना आला. तो डेंटर, पत्रे बडवणारा माणूस, त्यालासुद्धा आला. हिला नाही. श्वास ऐकू आला म्हणे! नसलेले आवाज ऐकू येतात आणि असलेले येत नाहीत. कोर्टात किती निकाल चुकीचे लिहिले असतील, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो. किती निरपराध माणसं आत असतील! आता तू नाही म्हणालास तरी मी तुला दोष देणार नाही."

खरं बोलायला याहून चांगला मोका फिटरला मिळणार नव्हता. चष्मा समोरच होता. एक वाक्य बोललं की झालं. पण त्या वाक्यामागे सकाळपासूनची सगळी वाक्यं रांगेत उभी होती आणि समोर हो म्हणायला तयार असलेले सासरे.

"चालेल, काका," तो म्हणाला. "थोडं कमी ऐकू येत असलं तरी मी सांभाळून घेईन."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा खांदा दाबला. "मोठ्या मनाचा आहेस."

फिटर गाडीतून उतरला तर स्टेनो दाराला टेकूनच उभी होती.

"'थोडं कमी ऐकू येत असलं तरी मी सांभाळून घेईन,'" ती म्हणाली. "आणि त्याच्या आधी एक आवंढा गिळलास."

"तू... काचा बंद होत्या ना?"

"मिशीपेक्षा काच बरी. आणि दुकानात चष्म्याचा स्क्रू आवळलास, त्याची किरकिरही आली."

"अगं पण ते हो म्हणाले! लग्न ठरलं!"

स्टेनोने कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

"लग्न ठरलं आपलं."

"ऐकू नाही आलं. कमी ऐकू येतं ना मला."

"लग्न करशील का माझ्याशी?" फिटर म्हणाला.

"जरा मोठ्याने."

"लग्न करशील का माझ्याशी?" तो ओरडला. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. काका गाडीतून उतरले आणि मुलीचा तो कानामागचा हात बघून त्यांनी दुःखाने मान हलवली.

स्टेनोला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. ती पुढे झाली आणि इतक्या हळू बोलली, की फिटरला कान तिच्या ओठांशी न्यावा लागला. त्या दिवशी त्याला खरोखर ऐकू आलेलं ते पहिलं वाक्य.

"आधी बाबांना चष्म्याचं सांग. मग विचार."

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"हो म्हणाली!" डेंटर ओरडला. "मी स्वतः ऐकलं!"

"मीही ऐकलं," आईने डोळे पुसले. "किती गोड म्हणाली."

"हो, मलाही तसंच ऐकू आलं," काका म्हणाले. वरच्या खिडकीतून टाळ्या वाजल्या.

"अहो, मी हो म्हणालेच नाहीये!" स्टेनो म्हणाली. "मी म्हणाले..."

काकांनी जवळ येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फिटरकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले,

"बघितलंस? आता स्वतःचं बोललेलंसुद्धा ऐकू येईना तिला."